फजिता, फजिती आणि माझं ताट

परवाच्या रविवारी रात्री आमच्या घरी तांबडा नव्हता आणि पांढराही नव्हता. कोल्हापुरात राहून रविवारी असलं काही करायचं म्हणजे घरादाराशी वैर घेणंच की! सकाळी आमचे हे पिशवी घेऊन निघाले तेव्हा मी म्हटलं, "अहो, आज हाडाचं नको. बोनलेस चिकन आणा, पाऊण किलो. आणि येताना कपिलतीर्थ मंडईतून तीन ढबू मिरच्या." ह्यांनी चपला घालता घालता माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी रंकाळ्यावर उभी राहून समुद्र कुठं आहे म्हणून विचारत होते.

"करणार काय आहेस एवढं?"

"फाहीता."

"फजिता?"

तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, "आंब्याचे दिवस सरले की गं! आता कसला फजिता?"

सासूबाईंचं माहेर कोकणातलं. तिकडं आमरस काढून झाला की बाठी आणि साली पाण्यात धुऊन घेतात आणि त्या पाण्याला फोडणी देऊन सार करतात. त्याला म्हणतात फजिता. थेंबसुद्धा वाया घालवायचा नाही, ही जुन्या बायकांची रीत! मी म्हटलं, "नाही हो आई, हा वेगळा. मेक्सिकोकडचा." त्यावर हे पुटपुटले, "आज आपली फजिती होणार, दुसरं काय!"

आता तुम्ही विचाराल, तांबडा-पांढरा सोडून हे कुठलं खूळ डोक्यात शिरलं? तर मैत्रिणींनो, त्याला कारण आहे, आणि ते स्वयंपाकघरातलं नाही.

गेली काही वर्षं मी आमच्या भागातल्या बचत गटांचं काम बघते. मागच्या महिन्यात गटातल्या बायकांसाठी रक्त तपासणीचं शिबिर घेतलं. बोटाला सुई टोचायची, थेंबभर रक्त घ्यायचं आणि हिमोग्लोबिन किती ते सांगायचं. बाई गरोदर नसेल तर ते बारा ग्रॅमच्या खाली नसावं. मी शेजारी वही घेऊन बसले होते. कुणाचं दहा, कुणाचं साडेनऊ. आकडे लिहिता लिहिता माझाच हात जड झाला. चाळिशीतली एक बाई आली, कामाला वाघ, गटाचा हप्ता कधी चुकवणार नाही. तिचं निघालं आठ पूर्णांक सहा. सिस्टरनं विचारलं, "मटण-चिकन खाता का?"

"खातो की. दर रविवारी असतंय आमच्यात."

मी मध्येच विचारलं, "फोडी किती येतात तुझ्या वाट्याला?"

ती हसली. म्हणाली, "मला रस्सा."

सगळ्या बायका खळखळून हसल्या. मीही हसले. घरी आल्यावर मात्र रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ते दोन शब्द काही डोक्यातून जाईनात. मला रस्सा. मी हिशोब घालू लागले. गेल्या रविवारी मी काय खाल्लं? ह्यांना वाढलं, मुलाला दोनदा वाढलं, मुलीला तिच्या आवडीची नळी दिली, गरम भाकरी थापत राहिले. मग मागनं बसले तेव्हा पातेल्यात एक मानेचा तुकडा आणि रस्सा होता. तोही गार. बायकांना सकस आहारावर भाषण देणारी मी आणि माझ्या ताटात काय? रस्सा!

ही काही एका वस्तीची गोष्ट नाही. २०१९-२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५७ बायकांत रक्त कमी आढळलं. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण १०० मागे २५ होतं. आपल्या महाराष्ट्रात बायकांचा आकडा ५४ च्या घरात आला, आणि त्याआधीच्या २०१५-१६ च्या पाहणीत तो ४८ होता. म्हणजे कमी व्हायचा सोडून वाढला! याला कारणं पुष्कळ आहेत. पाळी, बाळंतपणं, जंत, रोजच्या जेवणातच लोहाची कमतरता. पण घरात जे चांगलं शिजतं ते आपल्या ताटात शेवटी येतं, किंवा येतच नाही, हेही त्यातलंच एक. आणि हे कारण तरी सरकारी दवाखान्यात नाही, आपल्याच पातेल्यात आहे.

अशा विचारात असतानाच माझ्या भाचीचा फोन आला. ती लग्नानंतर ह्यूस्टनला असते, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात. नवराबायको दोघंही नोकरी करतात. मी विचारलं, "आज जेवायला काय?" ती म्हणाली, "फाहीता केलेत मावशी. वीस मिनिटांत होतात. सगळं टेबलावर मांडायचं, ज्यानं त्यानं आपलं आपण भरून घ्यायचं, आणि आपणही बसायचं."

बाकी सगळं मी विसरले असते. "आपणही बसायचं" हे मात्र मनात घर करून राहिलं.

मग तिच्याकडून कृती घेतली, थोडं वाचन केलं. तर गंमत बघा. या पदार्थाचं मूळही उरल्यासुरल्यातच! टेक्सासच्या दक्षिणेला, मेक्सिकोच्या सीमेलगत गुरांची मोठमोठी कुरणं होती. तिथं राबणाऱ्या मेक्सिकन गुराख्यांना मजुरीचा भाग म्हणून जनावराचे मालकाला नको असलेले भाग देत. डोकं, आतडी, आणि पोटाजवळची एक चिवट लांब पट्टी. त्यांच्या स्पॅनिश भाषेत कमरेच्या पट्ट्याला 'फाहा' म्हणतात. 'फाहीता' म्हणजे छोटा पट्टा. ती चिवट पट्टी निखाऱ्यावर भाजायची, बारीक कापायची आणि रोटीत गुंडाळून खायची. त्यांच्या रोटीला म्हणतात तोर्तिया. म्हणजे सासूबाईंचा फजिता बाठी-सालींचा आणि गुराख्यांचा फाहीता टाकाऊ पट्टीचा. नावं नुसती योगायोगानं जुळली, पण गरिबाघरची अक्कल दोन्हीकडं एकच. चिकनचा फाहीता फार नंतर आला, आणि आपल्या घरात तोच चालायचा.

आणखी एक गोष्ट वाचली ती सांगायलाच हवी. हा पदार्थ शहरात लोकप्रिय करणाऱ्यांत ह्यूस्टनच्या निन्फा लॉरेन्झो यांचं नाव घेतात. तोर्तिया बनवायचा नवराबायकोचा छोटा कारखाना होता. १९६९ मध्ये नवरा गेला. पदरात पाच मुलं, धंदा डबघाईला आलेला. १९७३ मध्ये बाईंनी कारखान्याच्या पुढच्या भागात दहा टेबलं मांडली आणि भाजलेल्या मांसाच्या पट्ट्या गरम तोर्तियात घालून विकायला सुरुवात केली. त्यातून पुढं मोठं नाव झालं. आपल्याकडं नवरा गेल्यावर खानावळीच्या जोरावर मुलांना शिकवणाऱ्या बाया काय कमी आहेत? देश बदलला तरी चूल तीच!

आणि परका पदार्थ म्हणून नाक मुरडण्याआधी हेही लक्षात घ्या. आपल्या तांबड्या रश्श्यातली मिरची मूळची मेक्सिकोकडचीच. टोमॅटो, ढबू मिरची, मका, सगळं त्याच अमेरिका खंडातलं. पोर्तुगीज लोकांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात मिरची आपल्याकडं आली. त्याआधी तिखटासाठी होते मिरे, आणि मिरची हे नावही मिऱ्यावरूनच पडलं. तेव्हा कोल्हापूरकरांनी मेक्सिकोचं एवढं तरी देणं लागायला हरकत नाही.

आता कृती सांगते. आमच्या पाच माणसांना हे प्रमाण पुरलं.

साहित्य : बोनलेस चिकन पाऊण किलो, ढबू मिरच्या तीन (हिरव्या चालतात, लाल-पिवळ्या मिळाल्या तर ताट सजतं), मोठे कांदे तीन, लसणाच्या सात-आठ पाकळ्या, दोन लिंबं, जिरेपूड एक चमचा, घरची चटणी दोन चमचे, तेल, मीठ, चिमूटभर साखर, मूठभर कोथिंबीर. सोबत पंधरा-सोळा चपात्या. घरची चटणी म्हणजे आपण उन्हाळ्यात डंकावर कुटून आणतो तीच, कांदा-लसणाची. वेगळा मसाला विकत आणायची काही गरज नाही.

आधी भाज्या कापून घ्याव्यात, चिकन नंतर. एकाच पाटावर आधी कच्चं चिकन आणि मग कांदा असं करू नये. पाट, सुरी आणि हात साबणानं धुवावेत. कांदा आणि ढबू मिरची उभी, जाडसर कापावी. चिकनचे बोटभर लांब, करंगळीएवढे जाड तुकडे करावेत. नीट पाहिलं तर मांसात रेषा दिसतात. त्या रेषांना आडवं कापलं की तुकडा मऊ लागतो, उभं कापलं की दोरे चावल्यासारखा.

एका लिंबाचा रस, ठेचलेला लसूण, जिरेपूड, एक चमचा चटणी, मीठ, साखर आणि दोन चमचे तेल चिकनला चोळून अर्धा तास ठेवावं. सकाळी लावून रात्री करू, असं मात्र करू नका. लिंबाच्या आंबटपणानं चिकन वरून भुसभुशीत होतं. या अर्ध्या तासात चपात्या लाटून होतात. चपाती नेहमीपेक्षा थोडी लहान आणि पातळ करावी, भाजताना कडक होऊ देऊ नये. स्वच्छ फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या की तासभर मऊ राहतात. जेवायला बसल्यावर तव्याकडं पळायचं नाही, हीच तर यातली मेख आहे!

आता लोखंडी तवा किंवा कढई चांगली तापवून, दोन चमचे तेल घालून मोठ्या आचेवर चिकन परतावं. सगळं एकदम ओतू नये, दोन घाण्यांत करावं. पहिल्यांदा मी घाईनं सगळं टाकलं तर पाणी सुटलं आणि चिकन भाजायच्या ऐवजी शिजत बसलं. एका घाण्याला पाच-सहा मिनिटं पुरतात. सगळ्यात जाड तुकडा मोडून बघावा, आत गुलाबी दिसता कामा नये. चिकन काढून त्याच तव्यावर कांदा आणि ढबू तीन-चार मिनिटं परतावी. करकरीत राहिली पाहिजे, म्हणून मीठ शेवटी. मग चिकन परत घालून उरलेली चमचाभर चटणी भुरभुरावी. सगळी चटणी आधीच का नाही घालायची? कारण आपल्या चटणीत कांदा, खोबरं, तीळ असतात आणि मोठ्या आचेवर ते करपून कडू होतात. वरून दुसरं लिंबू पिळायचं, कोथिंबीर घालायची. झालं!

सोबत दोन वाट्या हव्यात. एकीत बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि लिंबू. दुसरीत फडक्यातून निथळलेलं घट्ट दही, मीठ घालून. चपातीवर दही पसरायचं, चिकन घालायचं, वर कोशिंबीर, आणि गुंडाळी करून उचलायचं. ज्यांच्या घरी चिकन चालत नाही किंवा श्रावण आहे, त्यांनी याच पद्धतीनं पनीर, मशरूम किंवा भिजवून पिळलेले सोयाबीनचे वडे घ्यावेत. उकडलेला राजमाही छान लागतो.

खरं सांगू का, सगळं मिळून तासभर लागला, आणि त्यातला ओट्यापाशी उभं राहायचा वेळ त्याहून कमी. एरवीचा आमचा रविवार आठवा. खोबरं भाजा, वाटण वाटा, अळणी पाणी काढा, त्याचा पांढरा वेगळा, तांबडा वेगळा, सुकं वेगळं, आणि वर भाकऱ्या. अख्खी सकाळ जाते. २०२४ च्या सरकारी पाहणीत लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात ते मोजलं. घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. मिनिटांत लिहिलं म्हणून कळत नाही. पावणेपाच तासांहून जास्त होतात ते!

रात्री साडेआठला मी सगळं टेबलावर मांडलं. चिकनची कढई मधोमध, चपात्यांचा डबा, दोन वाट्या, पाच ताटं. आणि मी खुर्ची ओढून बसले. हे माझ्याकडं बघत राहिले.

"वाढ की."

"आज वाढायचं नाही. ज्यानं त्यानं आपलं करून घ्यायचं."

मुलांनी लगेच सुरुवात केली. ह्यांनी मात्र चपातीत इतकं भरलं, की उचलल्याबरोबर खालनं सगळं सदऱ्यावर. मुलगा ओरडला, "पप्पांची फजिती!" हेही हसले, आणि दुसऱ्या वेळी बेतानं भरलं.

सासूबाई काही येईनात. "तुम्ही बसा, मी मागनं जेवते." आयुष्यभराची सवय ती. शेवटी नातवानं हात धरून आणलं. मुलीनं पहिली गुंडाळी करून त्यांच्या हातात दिली. खाल्ली. दुसरी त्यांनी स्वतः केली. चिकनचे तुकडे एकेक उचलून, नीट ओळीनं मांडून. तिसरी घेताना मुलगी म्हणाली, "आजी, तुला तर फोडी आवडत नाहीत ना? तू नेहमी रस्साच घेतेस."

सासूबाई म्हणाल्या, "आवडत नाहीत कोण म्हणालं? उरत नव्हत्या."

टेबलावर जरा वेळ कुणीच बोललं नाही. मग ह्यांनी काही न बोलता कढई आईकडं सरकवली.

मैत्रिणींनो, एवीसतेवीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली आणि बरोबरीनं स्वयंपाक केला. त्यांना रस्सा आवडतो, असं मी मनाशी पक्कं धरून चालले होते. आणि उद्या माझ्या सुनेलाही माझ्याबद्दल तेच वाटलं असतं.

आता फाहीतानं रक्त वाढतं, असं मी म्हणणार नाही. नाहीतर उद्या माझ्याच गटातल्या बाया मला विचारतील. चिकनमध्ये लोह फार नसतं, पण जे असतं ते अंगाला चांगलं लागतं, आणि प्रथिनं भरपूर मिळतात. लिंबू आणि ढबू मिरचीतल्या 'क' जीवनसत्त्वामुळं डाळी-भाज्यांतलं लोहही जास्त शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह अंगाला लागत नाही, म्हणून चहा तासभर लांब ठेवावा. आणि आकडा खाली गेलेला असेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या घ्यायलाच हव्यात, त्याला पर्याय नाही.

पुढच्या रविवारी घरात परत तांबडा-पांढरा झाला. व्हायचाच! कोल्हापूर आहे हे. पण एक बदल केला. पातेलं खाली उतरवल्याबरोबर पाच वाट्या मांडल्या आणि सगळ्यांत सारख्या फोडी घातल्या, माझ्या आणि सासूबाईंच्या वाटीतही. मग वरून रस्सा. भाकऱ्या आधीच करून ठेवल्या. जरा गार झाल्या, त्यावरून कुणाचं काही अडलं नाही.

गटाच्या बैठकीत हे सगळं सांगितलं तर एकजण म्हणाली, "ताई, आमच्यात टेबल कुठलं?" खरंच आहे. म्हटलं, टेबल नको, जमिनीवर मधोमध परात ठेवा आणि भोवतीनं बसा. दुसरीनं विचारलं, चिकन एवढं परवडत नाही, अंड्याचं चालेल का? न चालायला काय झालं? कांदा-ढबू परतून त्यात चार अंडी फोडा. भरायचं ज्यानं त्यानं आणि बसायचं सगळ्यांनी, एवढंच तर करायचं आहे.

ती आठ पूर्णांक सहावाली कोपऱ्यात बसली होती. गोळ्या चालू आहेत म्हणाली. बैठक संपल्यावर जाता जाता माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, परवा मी एक फोड खाल्ली. सगळ्यांच्या आधी."

"एकच?"

"पहिल्यांदाच खाल्ली की. पुढच्या रविवारी दोन."